मुलाच्या ईईजीत डेल्टा, बाबांच्या ईईजीतही डेल्टा: पोर्टलवर आलेला रिपोर्ट कसा वाचायचा?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुम्ही न्यू जर्सीत राहता. नऊ वर्षांचा मुलगा वर्गात मधेच हरवल्यासारखा बघत राहतो असं शिक्षिकेने सांगितलं, म्हणून त्याचा ईईजी झाला, म्हणजे डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूच्या लहरी टिपण्याची तपासणी. शुक्रवारी संध्याकाळी मायचार्टवर, म्हणजे हॉस्पिटलच्या पेशंट पोर्टलवर, रिपोर्ट आला, डॉक्टरांची भेट मात्र पुढच्या आठवड्यात. रिपोर्टमध्ये लिहिलंय, ‘हायपरव्हेंटिलेशनच्या वेळी हाय व्होल्टेज डेल्टा बिल्डअप’. त्याच सुमारास नाशिकला तुमच्या बाबांचाही ईईजी झाला. त्यांचं वय ६९, आणि दोनदा ते बोलता बोलता गप्प होऊन काही मिनिटं गोंधळले होते. हॉस्पिटलच्या ॲपवरून त्यांची पीडीएफ आली, तिच्यात ‘इंटरमिटंट डेल्टा स्लोइंग, लेफ्ट टेम्पोरल’. आणि तुमच्या हातातलं घड्याळ सांगतंय की डेल्टा म्हणजे गाढ झोप, ती वाढवा. मग डेल्टा चांगलं की वाईट, आणि काळजी नक्की कुणाची करायची?

मी पुण्यात ईईजी तंत्रज्ञ आहे. रिपोर्टवर सही न्यूरॉलॉजिस्टची असते, निदान करणं माझं काम नाही. पण रिपोर्टमधलं प्रत्येक वाक्य कुठून येतं, ते घडताना मी रोज बघते. त्या जोरावर सांगते: मुलाच्या रिपोर्टमध्ये तेवढं एकच वाक्य असेल, तर त्या वयात ते नेहमीचं आहे. बाबांचा रिपोर्ट न्यूरॉलॉजिस्टने लवकर बघायला हवा. आणि घड्याळ जे दाखवतंय त्याचा या दोन्हींशी काडीचा संबंध नाही.

मेंदूच्या लहरींची नावं ही फक्त वेगाची नावं आहेत. सेकंदाला चारपेक्षा कमी लहरी म्हणजे डेल्टा, चार ते आठ थीटा, आठ ते तेरा अल्फा, त्याच्या वर बीटा. रिपोर्टसोबत रेकॉर्डिंगचं एखादं पान जोडलेलं असेल तर त्यावर उभ्या रेघा दिसतील. बहुतेक लॅबमध्ये दोन जाड रेघांमध्ये एक सेकंद असतो आणि अख्ख्या पानावर दहा. एका सेकंदात दोन-तीनच रुंद डोंगर मावत असतील तर ते डेल्टा. एवढंच. ताशी वीस किलोमीटर हा वेग लक्ष्मी रोडवर रोजचा आहे, एक्स्प्रेस-वेवर तोच वेग दिसला तर पुढे काहीतरी झालंय असं आपण समजतो. डेल्टाचंही तसंच आहे. माणूस जागा होता की झोपलेला, वय काय, आणि लहर डोक्याच्या कोणत्या भागात दिसली, ही तीन उत्तरं हातात नसतील तर त्या शब्दाला अर्थच नाही.

गंमत म्हणजे डेल्टाची पहिली ख्याती झोपेमुळे झालेलीच नाही. जर्मनीत हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाचा पहिला ईईजी काढला आणि १९२९ मध्ये तो छापला, त्यात अल्फा आणि बीटा होत्या. डेल्टा हे नाव १९३६ मध्ये लंडनच्या ग्रे वॉल्टर यांनी दिलं, मेंदूतल्या गाठीच्या आसपास दिसणाऱ्या संथ लहरींना. सीटी स्कॅन यायला अजून पस्तीसेक वर्षं होती, त्या काळात गाठ कोणत्या बाजूला आहे हे कवटी न उघडता कळणं म्हणजे मोठीच गोष्ट होती. झोपेच्या पायऱ्यांचं काम अमेरिकेत लूमिस यांच्या गटाने त्यानंतर वर्षभराने छापलं. म्हणजे इंटरनेटवर तुम्हाला सापडलेली ‘डेल्टा म्हणजे गाठ’ आणि ‘डेल्टा म्हणजे विश्रांती’ ही दोन्ही वाक्यं आपापल्या जागी खरीच आहेत. सर्चमध्ये ती शेजारी शेजारी येतात म्हणून घोटाळा होतो.

आता मुलाचं. लहान मुलांना आम्ही तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला-सोडायला लावतो, यालाच रिपोर्टमध्ये हायपरव्हेंटिलेशन म्हणतात. नुसतं ‘श्वास घे’ म्हटलं तर दहाव्या सेकंदाला कंटाळतात, म्हणून नाकासमोर भिरभिरं धरायचं आणि ‘थांबू द्यायचं नाही हं’ म्हणायचं. एवढं फुंकल्यावर रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या तेवढ्यापुरत्या आकसतात आणि लहरी संथ आणि उंच होत जातात. आठ-दहा वर्षांच्या मुलात तर पान भरून डोंगर उभे राहतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला धडकी भरेल असंच ते दिसतं. भिरभिरं थांबवलं की साधारण मिनिटाभरात सगळं पूर्ववत. मूल उपाशी असेल, साखर उतरलेली असेल तर हे आणखी ठळक दिसतं. याच दृश्याला रिपोर्टमध्ये ‘बिल्डअप’ म्हणतात. डोक्याच्या मागच्या भागात अल्फाच्या मधेमधे एखादी संथ लहर डोकावते, तिला ‘पोस्टीरियर स्लो वेव्हज ऑफ यूथ’ म्हणतात. शाळकरी मुलांत आणि कुमारवयात ती निरोगी समजली जाते. तो शब्द दिसला तरी दचकू नका.

मग आम्ही त्याला फुंकायला लावलंच कशासाठी? कारण वर्गात हरवून बघणाऱ्या मुलात डॉक्टरांना एक गोष्ट तपासायची असते: ॲबसेन्स प्रकारच्या फिट. उपचार सुरू न झालेल्या बहुतेक मुलांत या फिट जोरात फुंकल्यावर तिथल्या तिथे येतात. भिरभिरं अचानक थांबतं, मूल पाच-दहा सेकंद शून्यात बघतं आणि परत फुंकायला लागतं. त्या वेळी कागदावर सेकंदाला तीन या गतीने टोक-आणि-लहर, टोक-आणि-लहर असा साचा उमटतो. वेगाने मोजलं तर तेही डेल्टाच्याच पट्ट्यात बसतं, पण रिपोर्ट लिहिणारा त्याला नुसतं डेल्टा कधीच म्हणणार नाही. तो लिहितो ‘जनरलाइज्ड थ्री हर्ट्झ स्पाइक अँड वेव्ह’. तेव्हा मुलाच्या रिपोर्टमध्ये डेल्टा शोधत बसू नका, ‘स्पाइक’, ‘शार्प वेव्ह’, ‘एपिलेप्टिफॉर्म’ हे फिटकडे बोट दाखवणारे शब्द आहेत का ते बघा. असले तर त्यांच्या आधी ‘नो’ आहे का तेही बघा. घाईत वाचताना तो ‘नो’ हमखास सुटतो. दुसरं, हायपरव्हेंटिलेशनच्या ओळीत ‘गुड एफर्ट’ की ‘पुअर एफर्ट’ असं लिहिलेलं असतं. मुलाने नीट फुंकलंच नसेल तर काही न सापडण्याला तितकं वजन राहत नाही. डॉक्टरांना हे आवर्जून विचारा.

बाबांचं प्रकरण वेगळं आहे, आणि इथे मला जरा थांबून बोलायचंय. जाग्या प्रौढ माणसाच्या ईईजीत डेल्टा जवळपास नसावं अशी अपेक्षा असते. ते दिसलं, तेही एकाच ठिकाणी, तर त्या जागेखालच्या मेंदूला काहीतरी त्रास आहे का, हा प्रश्न उभा राहतो. जुना छोटा स्ट्रोक, रक्ताची गुठळी, गाठ, फिटचं उगमस्थान, काहीही असू शकतं. ईईजी जागा दाखवतो, कारण दाखवत नाही. कारणासाठी एमआरआय लागतो. पण म्हणून लगेच गाठीवर उडी मारू नका, कारण त्या एका ओळीतल्या प्रत्येक शब्दाने अर्थ सरकतो.

‘लेफ्ट टेम्पोरल’ म्हणजे डाव्या कानशिलापाशी, आणि ‘इंटरमिटंट’ म्हणजे मधूनमधून. हाच शब्द ‘कंटिन्युअस’ असता आणि सोबत ‘पॉलिमॉर्फिक’, म्हणजे वेड्यावाकड्या आकाराच्या लहरी असं लिहिलेलं असतं, तर मेंदूच्या रचनेतच बिघाड असण्याची शक्यता बरीच वाढली असती. ‘रिदमिक’ असेल, म्हणजे एकसारख्या आकाराच्या लहरी ओळीने येत असतील आणि त्याही कानशिलापाशी, तर डॉक्टर फिटच्या दिशेने विचार करतात. तुम्ही सांगितलेलं बोलता बोलता गप्प होणं मग जास्त महत्त्वाचं ठरतं. उलट साठीनंतर डाव्या कानशिलापाशी थोड्याफार संथ लहरी, बहुतेक थीटा आणि एखाददुसरी डेल्टा, कसलाही आजार नसलेल्या माणसांतही दिसतात. आणि हो, म्हातारी माणसं आमच्या खोलीत पडल्या पडल्या पेंगतात. अंधार, एसी, सकाळपासून रांगेत बसून आलेला थकवा. पेंगलं की लहरी संथ होणारच. म्हणून ‘ड्युरिंग वेकफुलनेस’ की ‘ड्युरिंग ड्राउझिनेस’ हे शब्द मी बाबांच्या पीडीएफमध्ये सगळ्यात आधी शोधले असते.

डाव्या एकाच जागी न दिसता संपूर्ण डोक्यावर संथपणा असता, तर मी एमआरआयआधी रक्ताच्या तपासण्यांबद्दल विचारलं असतं. यकृत, मूत्रपिंड, साखर, आणि विशेषतः सोडियम. बीपीच्या ज्या गोळ्यांनी लघवी जास्त होते, त्यांतल्या काहींनी वयस्कर माणसांचं सोडियम चांगलंच उतरतं आणि माणूस गोंधळतो. बाबांच्या बाबतीतही ही तपासणी झाली नसेल तर विचारायला हरकत नाही, स्वस्त आहे.

शिवाय कागदावरचा प्रत्येक संथ डोंगर मेंदूतून आलेला नसतो. डोळ्यांची उघडझाप केली की कपाळावरच्या इलेक्ट्रोडमध्ये हुबेहूब डेल्टासारखी लहर उमटते. जीभ हलली तरी तेच, म्हणून शंका आली की आम्ही पेशंटला ‘ल ल ल’ म्हणायला लावून तीच लहर येते का ते बघतो. घाम आला की रेघ वर-खाली झोके घेते, मे महिन्यात वीज गेली की हा प्रकार ठरलेला. चांगला तंत्रज्ञ हे सगळं रेकॉर्डिंगवर तिथल्या तिथे नोंदवतो आणि रिपोर्ट लिहिणारा ते वगळतो. सॉफ्टवेअर मात्र ते सरसकट मोजून टाकतं. ‘ब्रेन मॅपिंग’ म्हणून लाल-निळी रंगीत चित्रं विकणारी केंद्रं हल्ली जागोजागी झाली आहेत. तिथल्या चित्रात कपाळावर लाल डेल्टा दिसलं तर माझा पहिला संशय पापण्यांवर जातो. कच्चं रेकॉर्डिंग न दाखवता नुसतं रंगीत चित्र देणाऱ्याकडे पैसे घालवू नका.

आता पोर्टलचं. तुमच्या डॉक्टरांनी बघायच्या आधी रिपोर्ट तुमच्या हातात कसा आला, याचं तुम्हाला आश्चर्य वाटलं. अमेरिकेत २०१६ च्या क्युअर्स ॲक्टखालचा नियम ५ एप्रिल २०२१ पासून लागू झाला. तपासण्यांचे निकाल आणि डॉक्टरांच्या नोंदी पेशंटपासून विनाकारण रोखून धरता येत नाहीत. त्यामुळे बहुतेक हॉस्पिटलं रिपोर्ट फायनल झाला की आपोआप सोडतात, मग शुक्रवारची संध्याकाळ असो की रविवारची पहाट. नियम मला पटतो, आपला रिपोर्ट आपल्याला मिळालाच पाहिजे. पण तो दुसऱ्या डॉक्टरसाठी लिहिलेला असतो हे लक्षात ठेवूनच उघडावा. ज्यांना झोप उडवून घ्यायची नाही त्यांनी मायचार्टच्या सेटिंगमध्ये जाऊन निकालांचे नोटिफिकेशन बंद करावेत आणि भेटीच्या आदल्या दिवशी रिपोर्ट बघावा. यात पळपुटेपणा काही नाही.

उघडलाच तर तळापासून वाचा. शेवटी ‘इम्प्रेशन’ नावाचा परिच्छेद असतो, रिपोर्टचं म्हणणं तिथे दोन-चार ओळींत असतं. वरचा ‘डिस्क्रिप्शन’ हा जे जे दिसलं त्याची जंत्री. बिल्डअप डिस्क्रिप्शनमध्ये आहे आणि इम्प्रेशनमध्ये ‘नॉर्मल अवेक अँड अस्लीप ईईजी’ असेल, तर लिहिणाऱ्याने ते बघून नॉर्मल ठरवलंय. ‘क्लिनिकल कोरिलेशन’, म्हणजे पेशंटच्या लक्षणांशी ताडून बघा, हे शब्द जवळपास प्रत्येक रिपोर्टखाली असतात, त्यात गर्भित इशारा शोधू नका. ‘प्रिलिमिनरी’ लिहिलं असेल तर फायनलची वाट बघा, आणि भेटीच्या सकाळी पुन्हा एकदा उघडून ‘ॲडेंडम’, म्हणजे मागाहून लिहिलेली पुरवणी, जोडलाय का ते तपासा.

डॉक्टरांना पोर्टलवरून मेसेज करायचा तर ‘डेल्टा म्हणजे काय, घाबरण्यासारखं आहे का’ असं लिहू नका, उत्तर ‘भेटीत बोलू’ एवढंच येईल. असं लिहा: ‘इम्प्रेशनमध्ये अमुक आहे. फुंकताना त्याचा एफर्ट पुरेसा होता का? त्या वेळी तो थबकला होता का? झोपेतलं रेकॉर्डिंग मिळालं का? भेटीपर्यंत पोहणं, सायकल बंद ठेवायची का?’ शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा, कारण त्यावर आज काहीतरी करायचंय. शिक्षिकेकडून दोन-तीन प्रसंगांचं वर्णन घेऊन ठेवा: किती सेकंद, हाक मारल्यावर भानावर आला का, खांद्याला हात लावल्यावर आला का. फोनवर व्हिडिओ मिळाला तर सोन्याहून पिवळं. काही हॉस्पिटलं आता लांबलचक मेसेजना बिल लावतात, तेही आधी बघून घ्या. मुलाचं खातं तुम्ही पालक म्हणून प्रॉक्सीने बघताय. तो बारा-तेरा वर्षांचा झाला की तुमचा ॲक्सेस आपोआप मर्यादित होण्याची शक्यता आहे, तेव्हा ॲप बिघडलं समजू नका.

नाशिकच्या बाजूला गोष्टी जरा विखुरलेल्या असतात. हॉस्पिटलचं एक ॲप, लॅबचा व्हॉट्सॲप नंबर, आणि वर सरकारचं आभा नावाचं डिजिटल आरोग्य खातं. आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं २७ सप्टेंबर २०२१ ला. त्यात प्रत्येकाला चौदा आकडी आभा क्रमांक मिळतो. रेकॉर्ड हॉस्पिटलकडेच राहतं, दुसऱ्या डॉक्टरला ते ठराविक मुदतीसाठी दाखवायची संमती आपण ॲपवरून देतो आणि हवी तेव्हा काढूनही घेता येते. मात्र हॉस्पिटल या जाळ्याला जोडलेलं नसेल तर खात्यात काहीच दिसणार नाही. खरी अडचण येते ती ओटीपीची. बाबांचा केसपेपर काढताना भाच्याचा, शेजाऱ्याचा, ज्याचा हाताला लागला त्याचा नंबर दिलेला असतो, आणि तुम्ही न्यू जर्सीत रात्री जागून लॉगिन करत बसता. नोंदणी काउंटरवर कुणाला तरी पाठवून तो नंबर एकदाचा बाबांचा करून घ्या. आणि रिपोर्ट फॅमिली ग्रुपवर टाकू नका. बाबांचं नाव, वय, केस नंबर सगळं त्यात असतं, आणि संध्याकाळपर्यंत चार काका चार निदानं करतील.

दुसरं मत घ्यायचं असेल तर पीडीएफ पुरेशी नाही. तिच्यात निष्कर्ष आणि फार तर एक-दोन पानं असतात, नवा न्यूरॉलॉजिस्ट त्यावर काय मत देणार? लॅबकडे मूळ रेकॉर्डिंग मागा, पेन ड्राइव्हवर, ‘ईडीएफ’ स्वरूपात. हे स्वरूप बहुतेक कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतं. लवकर मागा, कारण लॅबमध्ये जागा करायला जुन्या फाइल्स काढून टाकल्या जातात. भारतात पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत वैद्यकीय कागदपत्रं द्यावीत असं मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत आहे. काउंटरवर टाळाटाळ झाली तर अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

आणि पोर्टल कुठलंही असो, तातडीच्या कामाला ते नाही. बाबांचं तोंड वाकडं झालं, हात-पाय लुळा पडला, बोबडं बोलू लागले, किंवा फिट पाच मिनिटांत थांबली नाही, तर ॲप न उघडता १०८. तुमच्याकडे ९११.

घड्याळाचं पटकन सांगते. झोपेच्या सगळ्यात गाढ पायरीला एन-३ म्हणतात. तीस सेकंदांच्या पानाचा किमान पाचवा भाग मोठ्या संथ लहरींनी भरलेला असेल तर ती एन-३. हे मोजायला डोक्यावर इलेक्ट्रोड लागतात. मनगटावरचं घड्याळ हाताची हालचाल आणि नाडी बघून अंदाज बांधतं, डेल्टा त्याने कधी पाहिलेलंच नसतं. ही पायरी रात्रीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात सर्वाधिक असते, लहानपणी भरपूर आणि वयानुसार घटत जाते. त्यामुळे तुमचा आणि तुमच्या मुलाचा आकडा एकमेकांशी ताडून बघू नका. ‘डेल्टा म्युझिक’ ऐकून झोप लागत असेल तर खुशाल ऐका, पण त्याने बाबांचं काही भलंबुरं होणार नाही.

बाबांचा ईईजी बहुधा पुन्हा काढायला सांगतील, या वेळी झोपेतला. आदल्या दिवशी डोकं शाम्पूने धुवायचं आणि नंतर तेलाचा थेंबही लावायचा नाही. आमच्याकडे येणाऱ्या आजोबांपैकी निम्म्यांच्या डोक्यावर खोबरेल असतं, आणि मग इलेक्ट्रोडची पेस्ट चिकटत नाही. रात्री उशिरापर्यंत जागायला सांगितलं असेल तर घरात कुणीतरी सोबत जागावं, आणि येताना त्यांना स्कूटर चालवू देऊ नये. नाश्ता करून यायचं. रोजची गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. सगळ्या गोळ्यांची यादी मात्र, झोपेच्या गोळीसकट, चिठ्ठीवर लिहून आणायची आणि रेकॉर्डिंग सुरू व्हायच्या आधी तंत्रज्ञाच्या हातात द्यायची.